पट्टा शांत होता

१

"माणूस पडला, कपाळाला टाके पडले, हात गळ्यात आला. आणि सकाळपासून जो तो मला विचारतोय, पट्टा बरा आहे ना? मी म्हणते, मग पट्ट्यालाच खाटेवर झोपवा. त्यालाच सलाईन लावा. माणूस काय, बसेल बाहेर बाकावर."

हे गाऱ्हाणं पडद्यापलीकडून आलं, आणि अलीकडे स्टुलावर बसून मी नेमका तोच पट्टा निरखत होते. आमच्यामध्ये एक हिरवं कापड, बस्स. मी खाकरले. पलीकडे ट्रे आपटल्याचा आवाज झाला.

"आल्या वाटतं खोडरबर," सिस्टर कुणाला तरी म्हणाली. मग पडदा सारून माझ्याकडे बघून ती अशी काही हसली, की जणू तिचं बोलणं मला ऐकू जाणं शक्यच नव्हतं.

खोडरबर म्हणजे मी. नव्या औषधांच्या चाचण्या चालतात तिथे जायचं आणि जे नोंदवलंय ते खरोखर तसंच घडलं का ते पाहायचं, हे माझं काम. माझ्या अहवालानंतर कधीकधी एखाद्या दवाखान्याची सगळी मेहनत चाचणीतून खोडली जाते. त्यावरून हे नाव पडलं. मला ते आवडतं. याहून वाईट नावं मी ऐकून घेतली आहेत.

इथली चाचणी होती कंपवातावरच्या एका गोळीची. भाग घेणाऱ्या प्रत्येकाच्या जास्त थरथरणाऱ्या मनगटावर हा पट्टा. दिसायला घड्याळासारखा, फक्त काटे नाहीत. हाताची थरथर, नाडीचा वेग, पट्टा कातडीला टेकलाय की नाही, सगळं तो टिपतो आणि पाठवत राहतो. बांधलेला माणूस पडला तर ठणाणा करतो.

आणि आदल्या दिवशी सकाळी पेंटरकाका पडले होते. दुकानांच्या पाट्या रंगवण्यात हयात गेलेला हा माणूस म्हणजे चाचणीतला सगळ्यांत गाजलेला रुग्ण. गेले काही आठवडे त्यांच्या हाताची थरथर जवळजवळ गेल्याचं पट्टा सांगत होता. काल काका पडल्यावर काही मिनिटांतच सिस्टर घरभेटीला पोचली होती. दार उघडंच होतं. आतल्या बोळात काका जमिनीवर, काकू त्यांच्या कपाळावर टॉवेल दाबून बसलेल्या. पडताना आधाराला धरलेलं भिंतीवरचं घड्याळ शेजारी पडून बंद झालेलं. त्यामुळे पडण्याच्या वेळेबद्दल वाद नव्हता. रहस्यकथेत असं घड्याळ आलं की मी पुस्तक मिटते, पण घरोघरच्या घड्याळांना हे कोण सांगणार?

अपघात विभागात टाके घालून काकांना घरी पाठवलं, पट्टा तेवढा इथे आला. सिस्टर पोचली तेव्हा तो त्यांच्या मनगटावर नीट बांधलेला होता. आणि बरोबर त्या वेळेची पट्ट्याची नोंद काय होती? हात निवांत टेकलेला. नाडी संथ. पडणं नाही, दचकणं नाही, ठणाणा नाही.

पट्ट्याच्या मते त्या घरात काल सकाळी काहीच घडलं नव्हतं.

२

"पट्टा बिघडला असेल," डॉक्टर म्हणाले. इस्त्रीचा माणूस. कपड्यांना इस्त्री, बोलण्यालाही.

"तपासू या," मी म्हणाले, पट्टा माझ्या मनगटावर बांधला, शेजारच्या रिकाम्या खाटेपाशी गेले आणि स्वतःला धाडकन त्या खाटेवर लोटून दिलं. पट्ट्याने असा गळा काढला की वॉर्डातले दोन रुग्ण उठून बसले आणि एकाचा नातेवाईक जिन्याकडे पळाला.

"बिघडलेला नाही," मी केस सारखे करत म्हणाले.

सिस्टरने तोंडावर फाईल धरली होती. फाईल हलत होती.

"मग एकच राहिलं. काका पडले तेव्हा पट्टा त्यांच्या हातात नव्हता. दुसऱ्या कुणाच्या तरी हातात होता."

डॉक्टर या वाक्याची वाटच पाहत असावेत. त्यांनी संगणकाचा पडदा माझ्याकडे वळवला. काकांच्या हाताचा आलेख होता. सुरुवातीच्या दिवसांत रेघ दिसतच नव्हती, नुसतं दाट गवत. अलीकडच्या दिवसांत स्वच्छ रेघ, आणि तिच्यावर मधूनमधून बारीक दात.

"हे दात बघा. हात कामात असला की दात नाहीत. हात मांडीवर टेकवला की दात हजर. विसाव्यात थरथरणारा हात म्हणजे हा आजार. तुम्ही, मी, सिस्टर, कोणीही हा पट्टा बांधला असता तर रेघ साफ सपाट आली असती. तेव्हा हात काकांचाच आहे. गोळीने थरथर कमी केली, एवढाच याचा अर्थ."

"आणि या मोठ्या, सावकाश लाटा?" मी एका जागी बोट ठेवलं. "हात डावीकडून उजवीकडे जातोय, थांबतोय, परत जातोय."

"व्यायाम करत असतील."

"रोज सकाळ-संध्याकाळ पट्टा थोडा वेळ निघालेला दिसतो."

"आंघोळ करतात लोक."

"सिस्टर घरी जायची. तिला काका कसे वाटले?"

"मला तर तसेच वाटले होते," सिस्टर पटकन म्हणाली. "मी बोललेसुद्धा."

डॉक्टरांनी चष्मा काढला. "पट्टे आणले ते एवढ्यासाठीच. कुणाला काय वाटतं त्यावर चाचणी चालवायची नाही म्हणून. आता तर रुग्णांना इथे यावंही लागत नाही."

ते खोटं बोलत नव्हते, आणि वाईट माणूसही नव्हते. पट्टा आल्यापासून त्यांनी काकांना समोर बसवून पाहिलंच नव्हतं, एवढंच. चांगली रेघ आली म्हणून नियमाप्रमाणे गोळीची मात्रा मात्र वाढवली होती.

मी बाहेर पडताना त्यांनी आवाज खाली आणला. "संध्याकाळी कंपनीचा फोन येईल. त्यांचं मत पक्कं झालंय, की इथे कोणीतरी नोंदी बनवतंय. पट्टे सिस्टरच्या ताब्यात असतात. उत्तर मिळालं नाही तर तिला काढावं लागेल, आणि केंद्र बंद. सगळ्यांच्याच गोळ्या थांबतील."

"आणि खरं उत्तर मिळालं तर?"

"तर एका माणसाची काही आठवड्यांची माहिती जाईल. बाकी सगळं चालू राहील. पण उत्तर आहे कुठे? काकांचा हात असेल तर पडणं नाही. पडणं असेल तर काकांचा हात नाही. दोन्ही एकदम कसं खरं असेल?"

मी पट्टा पिशवीत टाकला. त्याच्या वादीला टर्पेंटाइनचा वास येत होता. पाट्या रंगवणाऱ्याच्या पट्ट्याला तो यायचाच, असं कोणीही म्हणेल. पण काकांनी ब्रश खाली ठेवून वर्षं झाली होती.

३

सिस्टरला बरोबर घेऊन मी काकांकडे गेले. खाली दुकान, वर घर. दुकानात भिंतीला टेकून पाट्या उभ्या: भाड्याने देणे आहे, चष्मे दुरुस्त करून मिळतील, आज बंद. रंगाचे डबे, खडूचा पांढरा धुरळा, आणि तोच टर्पेंटाइनचा वास.

लाकडी घोडीवर चाव्या बनवणाऱ्याची पाटी टेकवलेली होती आणि तिच्यासमोर काकांची लेक. घरात तिला छोटी म्हणत. छोटी चाळिशीला टेकलेली, केसांत एक रुपेरी बट आणि गालावर निळा रंग. तिने मनगट आडव्या काठीवर टेकवलं, श्वास रोखला आणि डावीकडून उजवीकडे एक लांब रेघ ओढली. मधे थांबली, ब्रश बुडवला, पुढे ओढली. जोड कुठे आहे हे शोधूनही सापडलं नसतं.

"सुरेख," मी म्हणाले.

"बाबांची याच्या दुप्पट असायची," ती म्हणाली. ब्रश डब्यात गेला, आणि त्याबरोबर उजवा हात ॲप्रनच्या खिशात. खुर्ची तिने मला डाव्या हाताने ओढून दिली.

"मी वर जाते," मी म्हणाले. "तुम्हीपण चला ना."

"रंग वाळेल."

वर काकू शर्टाला बटण शिवत होत्या. माझ्याशी बोलता बोलता, चष्मा कपाळावर तसाच ठेवून त्यांनी सुईत दोरा ओवला, पहिल्या झटक्यात. काका खिडकीशी बसले होते. डावा हात गळ्यात. उजवा मांडीवर, आणि तो एकटाच कसल्या तरी घाईत असल्यासारखा थडथडत होता.

"पडल्यापासून वाढलं का हे?" मी विचारलं.

"कशाचं काय," काका म्हणाले. "हा गडी दिवसभर असाच तबला वाजवतो."

काकूंनी त्यांच्याकडे बघितलं. काकांनी तोंड खिडकीकडे फिरवलं.

चहा आला. मला भरून कप, सिस्टरला भरून कप. काकांच्या जाड दांड्याच्या कपात अर्धाच. दांड्याचा रंग धरून धरून गेलेला. म्हणजे ही सोय कालची नव्हती. ट्रेमध्ये आणखी एक कप उरला होता, तोही अर्धा.

"हा कुणाचा?"

"छोटीचा. खाली नेऊन देते."

"तिला कमी लागतो?"

"कामात असते हो. गार होतो," काकू म्हणाल्या आणि निघूनच गेल्या.

त्या परत आल्यावर मी पट्टा टेबलावर ठेवला. "काल हा काकांच्या हातात नव्हता. कुणी काढला होता?"

"मी," काका म्हणाले.

"मी," काकू म्हणाल्या.

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं.

"म्हणजे मीच," काका म्हणाले. "खाज सुटते. काढला, पडलो, परत घातला."

"पडल्यावर? डोक्याला खोक पडलेली असताना?"

"शिस्त आहे मला."

"आता घालून दाखवता?"

त्यांनी डाव्या हाताच्या झोळीकडे बोट दाखवायचा प्रयत्न केला. पण झोळी कालची होती. त्याआधीही या बकलाने त्या बोटांना कधी जुमानलं असेल असं मला वाटेना. ज्यांना कपसुद्धा अर्धाच भरून द्यावा लागतो, त्यांना बक्कल कसलं जमणार?

"मग मी घातला असेन," काकू म्हणाल्या. "गडबडीत काय काय करतो माणूस."

"आणि त्याआधी कुणाच्या हातात होता?"

"माझ्याच."

मी पट्टा त्यांच्या मनगटावर बांधला, हात मांडीवर ठेवायला सांगितला. मोबाईलवर रेघ उमटली. तळ्यासारखी सपाट.

गुन्हेगार सापडत नाही ही माझ्या धंद्यातली नेहमीची अडचण. इथे जरा जास्तच सापडत होते, आणि एकही कामाचा नव्हता.

"व्यायाम करता का काका? हात लांबवर न्यायचा, आणायचा?"

"व्यायाम! अहो, गोळी वाढवल्यापासून खुर्चीतून उठलो तरी डोळ्यांपुढे काळोख येतो. फोनवर सांगितलं होतं मी दवाखान्यात. ते म्हणाले, तुमची रेघ तर छान आहे."

सिस्टरने कप खाली ठेवला. तिचा चेहरा उतरला होता.

"शेवटचं विचारते. पडल्याचा आवाज झाला तेव्हा कोण कुठे होतं?"

"मी स्वयंपाकघरात. धावत आले," काकू म्हणाल्या, "आणि खालून छोटी. जिना चढून आली ती अशी धापा टाकत..."

आणि वाक्याच्या मधोमध त्या थांबल्या, जणू पुढची पायरीच नव्हती.

४

जिन्याच्या वळणावर मी सिस्टरला थांबवलं.

"डॉक्टर म्हणतात, हा निरोगी माणसाचा हात नाही. बरोबर आहे त्यांचं. मी म्हणते, हा काकांचा हात नाही. माझंही बरोबर आहे. दोन्ही एकदम खरं असायला एकच गोष्ट लागते. दुसरा हात. हाच आजार असलेला."

सिस्टरने कठडा धरला. तेवढ्यात तिचा फोन वाजला. डॉक्टर होते. तिला नको असताना स्पीकर चालू झाला आणि मी सांगायच्या आतच ते म्हणाले, "खोडरबरबाईंना सांगा, माझ्या लक्षात आलं. दुसऱ्या एखाद्या रुग्णाचा हात आहे. ज्याचा आजार नुकता सुरू झालाय असा. आणि रुग्णांना पट्टे कोण बांधतं, सिस्टर? मी येतोय तिकडे. टाकेही बघायचेत."

फोन बंद झाला. माझाच तर्क एक पाऊल पुढे जाऊन सिस्टरच्या गळ्याशी थांबला होता.

"घ्या," सिस्टर म्हणाली. "चाचणीतले सगळे थरथरणारे हात माझ्याच ओळखीचे. झालं की काम."

"झालं नाही. मोबाईल काढा."

मी कालच्या सकाळचा आलेख उघडला आणि घड्याळ बंद पडलं त्या क्षणावर आणला. निवांत रेघ, बारीक दात. डॉक्टरांनी मला इथपर्यंतच दाखवलं होतं. मी तो पुढे सरकवला.

"हे बघा. काका पडल्यावर काही क्षणांनी नाडी उसळते. हात झपाझप पुढेमागे होतो. हा पळणारा माणूस आहे, सिस्टर. काका त्या वेळी जमिनीवर आडवे होते. मग पट्टा कातडीवरून सुटतो, पण किती थोडा वेळ, चहा ढवळण्याइतका. आणि लगेच दाट गवत. हा काकांचा हात, परत आलेला. डॉक्टर म्हणतील धक्क्याने थरथर वाढली. तुम्ही आत्ता पाहिलात ना तो हात? तो कधी कमी झालाच नव्हता."

"म्हणजे..."

"म्हणजे पट्टा दुसऱ्या रुग्णाच्या घरून आला नाही. ज्याच्या हातात होता तो माणूस आवाज ऐकून धावत आला, आणि घाबरून त्याने पट्टा काकांच्या हातात बांधला. सकाळ-संध्याकाळची आंघोळसुद्धा आंघोळ नव्हती. सकाळी पट्टा तिकडे, रात्रीपुरता परत काकांकडे. झोपेत तशीही थरथर थांबते, त्यामुळे कुणाला काही कळायचं कारण नाही. दुसरा हात या घरातलाच आहे."

मला वाटलं होतं सिस्टर सुटकेचा श्वास टाकेल. ती जिन्याच्या पायरीवर बसली.

"मॅडम," ती म्हणाली, "माझ्यावर येऊ दे."

"काय?"

"मी दुसरीकडे काम बघेन. दोन हात धड आहेत माझे. हे नका काढू वर."

मी तिच्या शेजारी बसले. "तुम्हाला माहीत होतं."

"पट्टा तिच्याकडे आहे हे नव्हतं माहीत. तेवढं तर मी हाणूनच पाडलं असतं. पण ते दुसरं..." ती स्वतःच्या बोटांकडे बघत होती. "माझं हेच काम आहे हो. भाजीच्या दुकानात रांगेत उभी असले तरी नजर लोकांच्या हातांवर जाते. तिचा हात दिसला मला. मग मी ठरवलं की नाही दिसला. तिने बोर्ड रंगवून हे घर चालवायचं, आणि मी तिला सांगायचं? कुठल्या तोंडाने?"

खालून ब्रश डब्याच्या काठावर निरपल्याचा आवाज आला. टक, टक.

५

डॉक्टर आले तेव्हा ऊन दुकानात आतपर्यंत आलं होतं. काकांना आम्ही धरून खाली आणलं होतं. त्यांनीच हट्ट केला. "माझ्या दुकानात माझ्यावर खटला चालतोय," ते म्हणाले, "मला खुर्ची पुढची पाहिजे." काकू त्यांच्यामागे उभ्या राहिल्या. सिस्टर दाराशी. छोटी पाटीच्या चौकटीला पाठ लावून, हात खिशात.

डॉक्टरांनी टाके पाहिले. मग त्यांची नजर काकांच्या उजव्या हातावर गेली आणि तिथेच राहिली. बराच वेळ. अनेक आठवड्यांत पहिल्यांदा ते त्या हाताकडे बघत होते, रेघेकडे नव्हे.

"हे... असंच असतं?"

"असंच," काका म्हणाले. "रागावू नका. तुम्ही खूश होतात म्हणून आम्ही बोललो नाही."

मी तर्क मांडला. टर्पेंटाइनच्या वासापासून सुरुवात केली. मग बक्कल, जे काकांना सोडता-लावता येत नाही. मग सावकाश डावीकडून उजवीकडे जाणाऱ्या लाटा, ज्या कुठल्याच व्यायामाच्या नाहीत, आणि या दुकानात बसून कोणीही पाहू शकेल अशा आहेत. मग जिना चढणारी नाडी.

"पण तो हात थरथरतो," डॉक्टर शेवटी म्हणाले. "विसाव्यात थरथरतो. तुम्ही सगळं सांगितलंत, ते नाही सांगितलंत."

"नाही सांगणार," मी म्हणाले. "माझं काम नोंद खरी की खोटी एवढं बघायचं. ती खोटी आहे, काकांची नाही. कुणाची आहे ते सांगायचा हक्क माझा नाही."

"मग कंपनीला मी काय सांगू?"

फोन त्यांच्या हातातच वाजला. सगळ्यांनी त्याच्याकडे पाहिलं. दोन वेळा वाजला, तीन वेळा.

"ऐका," डॉक्टर म्हणाले, आणि ते खरंच अडचणीत होते. "दुसरा हात कुणाचा, हे मला कोणी सांगत नसेल तर माझ्यापाशी एकच नाव आहे. सिस्टर, मला..."

"द्या माझं नाव," सिस्टर म्हणाली. "स्पष्ट उच्चार करा म्हणजे झालं."

"सिस्टरने काही केलेलं नाही." छोटीने चौकटीवरून पाठ काढली. "पट्टा मी घालायचे. फोन बंद करा, डॉक्टर."

त्यांनी केला.

"तुम्ही? कशासाठी? आणि तुमचा हात असता तर रेघ सपाट आली असती. निरोगी हात..."

आणि ते अडले. काका चाव्यांच्या पाटीकडे बघत होते. सिस्टर रस्त्याकडे. काकू पुढे झाल्या आणि भराभर बोलायला लागल्या, "तिची झोप होत नाही हो डॉक्टर. कामाचा ताण. आणि जेवणाकडे लक्ष नाही, सकाळी नुसत्या चहावर असते, त्याने होतं असं, माझ्या बहिणीलाही..."

"आई."

काकू मागे सरल्या.

"सिस्टरने आम्हाला मोबाईलवर बाबांची रेघ बघायला शिकवलं होतं," छोटी म्हणाली. ती डॉक्टरांशी बोलत होती, पण बघत होती वडिलांकडे. "एक दिवस सकाळी बाबांच्या हातातला पट्टा साफ करायला काढला आणि गंमत म्हणून माझ्या हातात घातला. संध्याकाळी रेघ बघितली. दात होते. वाटलं, आज दमले असेन. दुसऱ्या दिवशी परत घातला, म्हटलं आज नसतील. मग रोजच. रोज वाटायचं, आज नसतील. बाबांना काय सांगू म्हणून पहिल्या दिवशी खूप शब्द जुळवून ठेवले होते. त्यांनी काही विचारलंच नाही. सकाळ झाली की नुसता हात पुढे करायचे, काढून घे म्हणून."

काकांचा हात मांडीवर थडथडत होता. त्यांनी तो थांबवायचा प्रयत्नही केला नाही.

"त्यांचं बघायचा पट्टा मी माझ्यासाठी वापरला. त्यांची चक्कर कुणी ऐकली नाही, कारण माझी रेघ चांगली होती. काल आवाज आला तेव्हा मी इथेच बसले होते, पाटी वाळायची वाट बघत, हात मांडीवर ठेवून. जिना चढताना मला कळलं होतं काय झालंय ते. आता आणखी कुणी माझ्यापायी पडायला नको." तिने सिस्टरकडे पाहिलं. "आणि कुणाची नोकरीही जायला नको."

"पोरी," काका म्हणाले, "राहू दे. एवढं पुरे आहे त्यांना."

"पुरे नाही बाबा. त्यांनी विचारलेलं तसंच राहिलंय."

तिने खुर्ची ओढली. या वेळी उजव्या हाताने. बसली, आणि तो हात ॲप्रनच्या खिशातून निघून कित्येक आठवड्यांनी उघड्यावर यावा तसा तिने टेबलावर, रंगांच्या डब्यांमध्ये, उन्हात ठेवला. काम नव्हतं त्याला. थोडा वेळ तो स्वस्थ होता. मग अंगठा आणि तर्जनी एकमेकांकडे हलकेच हलू लागली, आणि टेबलावरचा खडूचा तुकडा त्यांच्याबरोबर टिकटिक वाजायला लागला.

तिने तो लपवला नाही. आळीपाळीने आम्हा प्रत्येकाकडे पाहिलं, पाटीवरची रेघ ओढताना पाहायची तसं, श्वास रोखून. सगळ्यांत शेवटी आईकडे.

"माझा हात थरथरतो," ती म्हणाली. "बाबांसारखाच. तुम्हाला सगळ्यांना माहीत आहे. आता मला भरून कप चहा दे."